क्लच न सुटणे (मोटारसायकल)

मोटारसायकलीच्या क्लचची तरफ पूर्ण ओढूनही एंजिनाची गती गिअरपेटीपासून पुरती न तुटण्याचा दोष. हा दोष क्लच घसरण्याच्या नेमका उलट आहे. घसरणाऱ्या क्लचमध्ये जोड असूनही शक्ती पूर्णपणे चाकाकडे जात नाही. न सुटणाऱ्या क्लचमध्ये जोड तोडल्यावरही ती जात राहते. तारेची ढील वाढविणे व कमी करणे हे या दोन दोषांवरील परस्परविरुद्ध उपाय असल्याने प्रथम भेद ओळखणे आवश्यक असते. दुर्लक्ष केल्यास गिअर बदलताना बसणाऱ्या धक्क्यांनी दाते व गिअरनिवडीची यंत्रणा झिजते आणि उभी गाडी अनपेक्षितपणे पुढे सरकून अपघात संभवतो.

रचना व कार्य : भारतातील बहुतेक मोटारसायकलींत तेलात फिरणारा बहुतबकडी क्लच असतो. घर्षण तबकड्यांचे कान एंजिनाने फिरणाऱ्या ढोलाच्या खाचांत, तर पोलादी तबकड्यांचे आतले दाते गिअरपेटीच्या दंडावरील तुंब्यावर बसतात. दोन्ही प्रकारच्या तबकड्या आळीपाळीने रचून स्प्रिंगांनी एकत्र दाबलेल्या असतात. तरफ ओढली की तार, खालची भुजा व दाबदांडी यांच्या द्वारे दाब तबकडी उचलली जाते. हे उचलणे अत्यल्प असते. समजा, पाच घर्षण तबकड्या व चार पोलादी तबकड्या असून दाब तबकडी १.५ मिमी. उचलली जाते. घर्षणाचे पृष्ठ एकूण दहा असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ०.१५ मिमी. एवढीच फट येते. म्हणून तारेतील थोडीशी ढील किंवा एखाद्या तबकडीचा किंचित वाकही जोड कायम ठेवण्यास पुरेसा होतो.

निश्चिती : तरफ ओढून पहिला गिअर टाकताच मोठा आवाज होऊन गाडी पुढे रेटली जाणे, एंजिन बंद पडणे आणि उभ्या गाडीत न्यूट्रल न सापडणे ही मुख्य लक्षणे होत. एंजिन बंद करून गाडी किंचित मागेपुढे हलविली असता गिअर सहज बदलत असतील, तर दोष बहुधा क्लचमध्ये असतो. तेव्हाही अडत असतील, तर गिअरनिवडीची यंत्रणा तपासावी. मधल्या स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीचे मागील चाक तरफ ओढलेली असतानाही सावकाश फिरते; तेलाच्या चिकटपणामुळे असे होणे स्वाभाविक आहे. चाक हाताने वा पायाने न धरता मागील ब्रेक हलकेच दाबावा. चाक थांबूनही एंजिनाची गती न बदलल्यास क्लच सुटत आहे; गती मंदावल्यास तो सुटत नाही.

कारणे व तपासणीचा क्रम : तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. प्रथम तरफेच्या टोकाशी मोकळी चाल मोजावी. अनेक गाड्यांत ती १० ते २० मिमी. ठेवतात. ती अधिक असल्यास लॉकनट सैल करून समायोजक फिरवावा. मात्र चाल अजिबात न ठेवल्यास क्लच घसरू लागतो. नंतर तारेचे तुटलेले धागे, आवरणाचा चेप, तरफेच्या खिळीची झीज व खालच्या भुजेचा कोन पाहावा. त्यानंतर तेल पाहावे. नेमून दिलेल्यापेक्षा दाट तेल तबकड्यांना चिकटवून धरते. विशेषतः सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना हे जाणवते. एवढ्याने दोष न गेल्यास झाकण उघडावे. वाकलेल्या पोलादी तबकड्या सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने तपासतात. ढोलाच्या खाचांत कानांनी पाडलेले खड्डे, दाबदांडीच्या टोकाची झीज व असमान स्प्रिंगांमुळे दाब तबकडीचे तिरके उचलणे हीही कारणे होत. द्रवचालित क्लचमध्ये द्रवात शिरलेली हवा व गळती शोधावी लागते.

वनप्रदेशातील स्थिती : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील अहेरी हे प्राणहिता नदीच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण होय. आलापल्ली, भामरागड व सिरोंचाकडील वनमार्गांवर या दोषाला पोषक अशी अनेक कारणे एकत्र येतात. पावसाळ्यात नाले ओलांडताना पाणी व गाळ तारेच्या आवरणात शिरून ती गंजते आणि जड चालते. चिखलातून गाडी काढण्यासाठी तरफ अर्धवट ओढून ठेवल्यास तबकड्या तापून वाकतात. एंजिनात पाणी गेल्यास तेल दुधाळ दिसते. अशी गाडी काही दिवस उभी राहिल्यास पोलादी तबकड्या गंजून शेजारच्या तबकड्यांना चिकटतात. तेव्हा तेल बदलल्याखेरीज एंजिन चालवू नये. तबकड्या केवळ चिकटल्या असतील, तर एंजिन बंद ठेवून, वरचा गिअर टाकून व तरफ ओढून गाडी मागेपुढे ढकलल्यास त्या पुष्कळदा सुटतात. वाटेत दोष उद्‌भवल्यास गाडी थांबण्यापूर्वी, ती चालत असतानाच, न्यूट्रलवर आणावी.

तार व तेल न तपासता थेट तबकड्या बदलण्याची पद्धत खर्चिक असून पुष्कळदा निष्फळ ठरते. कारण दोष तारेत असल्यास नव्या तबकड्याही सुटत नाहीत. नव्या घर्षण तबकड्या बसविण्यापूर्वी एंजिन तेलात भिजवाव्यात. पावसाळ्यापूर्वी व नंतर तारेला वंगण देणे आणि मोकळी चाल मोजणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय होय. दुरुस्तीचे ठिकाण दूर असलेल्या प्रदेशात त्याचे महत्त्व अधिकच असते.