शून्य सिद्ध करणारी प्रयोगशाळा

७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या ब्लू ग्रास लष्करी डेपोत सरिनने भरलेले शेवटचे एम-५५ रॉकेट नष्ट झाले आणि अमेरिकेने जाहीर केलेला रासायनिक अस्त्रांचा साठा संपला. हा साठा एकेकाळी तीस हजार टनांहून मोठा होता. तो मुख्य भूमीवरच्या आठ ठिकाणी आणि पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर साठवलेला होता आणि तो नष्ट करण्याचे काम १९९० पासून चालू होते. या कामाचे कौतुक झाले तेव्हा नाव निघाले ते रॉकेट कापणाऱ्या यंत्रांचे, भट्ट्यांचे आणि विषाचे विघटन करणाऱ्या टाक्यांचे. पण या प्रत्येक ठिकाणी आणखी एक व्यवस्था रात्रंदिवस राबत होती. कारखान्याच्या खोल्यांमधली, धुराड्यातली आणि कुंपणालगतची हवा तपासणारी प्रयोगशाळा ही ती व्यवस्था. तिचे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी कंपन्यांकडे होते. ब्लू ग्रास आणि कोलोरॅडोतले प्युब्लो या शेवटच्या दोन केंद्रांवर बेक्टेलच्या नेतृत्वाखालच्या गटात बॅटेल ही संशोधन संस्था प्रयोगशाळेची बाजू सांभाळत होती. वर्षानुवर्षे या प्रयोगशाळांनी जे उत्तर सर्वाधिक वेळा दिले ते ‘काही आढळले नाही’ असे होते. हे उत्तर दिसते तेवढे साधे नाही. काही असते तर आपल्या यंत्राला ते नक्की दिसले असते, हे त्याच दिवशी सिद्ध करता आले तरच या उत्तराला किंमत आहे. रासायनिक सुरक्षेची सगळी भिस्त या सिद्धतेवर असते, आणि मोजणारा सरकारी की कंत्राटी हा प्रश्न तिच्यानंतर येतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी मोजायचे काय होते ते पाहू. सरिन आणि व्हीएक्स ही विषे मज्जातंतूंचे काम चालवणाऱ्या एका विकराला निकामी करतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे हे सरिनच्या वाफेचे सुरुवातीचे लक्षण, आणि श्वास थांबणे हा त्याचा शेवट. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००३ मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार कामगाराने मुखवट्याविना रोज आठ तास ज्या हवेत काम करायचे, त्या हवेत सरिन दर घनमीटरमागे ०.००००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. व्हीएक्ससाठी ही मर्यादा ०.०००००१ मिलिग्रॅम आहे. हिशेब केला तर एक मिलिग्रॅम व्हीएक्स दहा लाख घनमीटर हवेत, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची शंभर-शंभर मीटर असलेल्या पोकळीत, सारखे मिसळले की ही मर्यादा गाठली जाते. आजूबाजूच्या वस्तीसाठीची मर्यादा याहून कडक आहे. नाकाला किंवा डोळ्यांना यातले काहीच कळणार नाही. एके काळी सरिन बनवणाऱ्या आणि साठवणाऱ्या ठिकाणी पिंजऱ्यात ससे ठेवत, कारण त्यांच्या बाहुल्या माणसाआधी आकसत. सशावरून धोका कळतो, पण तो नाही हे कळत नाही. ससा तंदुरुस्त दिसतो आहे म्हणजे हवा मर्यादेच्या आत आहे, असा दाखला कोणी देऊ शकत नव्हते. आधुनिक देखरेखीची सुरुवात या उणिवेपासून होते.

या देखरेखीत दोन प्रकारची साधने जोडीने काम करतात. पहिले आहे मिनिकॅम्स नावाचे स्वयंचलित यंत्र. गरम ठेवलेल्या नळीतून ते हवा ओढते, विषाचे कण शोषक भुकटीच्या छोट्या नळीत अडकवते, मग ती नळी तापवून जे सुटते ते गॅस क्रोमॅटोग्राफच्या स्तंभातून हायड्रोजनच्या ज्योतीपर्यंत नेते. फॉस्फरस किंवा गंधक असलेला पदार्थ त्या ज्योतीत विशिष्ट रंगाचा प्रकाश देतो, आणि स्तंभातून बाहेर पडायला त्याला किती वेळ लागला यावरून तो कोणता असावा याचा अंदाज बांधता येतो. हे चक्र काही मिनिटांत पूर्ण होते, आणि आकडा ठरलेल्या पातळीपुढे गेला की भोंगा वाजतो. दुसरे साधन म्हणजे डाम्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काचेच्या शोषनळ्या. या नळ्यांमधून कित्येक तास हवा खेचली जाते आणि नंतर त्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांचे विश्लेषण होते. भोंगा वाजला तर तो खरा होता का, हे या नळ्या सांगतात. भोंगा वाजला नाही तरी त्या दिवशीच्या हवेची लेखी नोंद त्यांच्यामुळे मागे राहते. पहिले साधन कामगाराचा जीव वाचवण्यासाठी आहे आणि दुसरे नंतर जाब देण्यासाठी. कुंपणालगतच्या ठाण्यांवर मुख्यतः या शोषनळ्याच असतात, कारण तिथे सवाल असतो शेजारच्या गावाला द्यायच्या हिशेबाचा.

रसायनशास्त्राची खरी कसोटी व्हीएक्सच्या बाबतीत लागते. हा पदार्थ जड आणि चिकट असल्याने नळीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. म्हणजे खोलीत व्हीएक्स असूनही यंत्रापर्यंत ते पोहोचणार नाही आणि यंत्र निर्धास्तपणे शून्य दाखवेल, असे होऊ शकते. त्यावरचा उपाय असा की नमुना घ्यायच्या टोकालाच सिल्व्हर फ्लोराइड लावलेली चकती बसवायची. तिच्यातून जाताना व्हीएक्सचे रूपांतर सरिनच्या जवळच्या, सहज वाहणाऱ्या संयुगात होते आणि ते यंत्रापर्यंत पोहोचते. २००५ मध्ये ब्लू ग्रासच्या साठवण विभागात देखरेखीचे यंत्र चालवणाऱ्या एका कर्मचाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला तो याच बाबतीत. त्याचे म्हणणे असे की ही चकती साठवण कोठाराच्या टोकाऐवजी लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला बसवली जात होती, त्यामुळे गळती झाली असती तरी ती कळली नसती. यंत्र मोडलेले नव्हते, कागदावर आकडे नीट भरले जात होते, पण मांडणीच चुकली तर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. इथे देखरेख करणारा लष्कराचाच विभाग होता, कंत्राटदार नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवे. प्रयोगशाळा कोणाच्या मालकीची आहे एवढ्याने विश्वासार्हता ठरत नाही, असे मी म्हणतो ते या उदाहरणावरून.

मग ती ठरते कशावरून? यंत्राला रोज मुद्दाम दिल्या जाणाऱ्या आव्हानावरून. देखरेखीच्या नियमांत आकड्याइतकेच महत्त्व त्या आकड्याच्या खात्रीला आहे. हवेत विष नेमके मर्यादेइतके असेल तेव्हा भोंगा वाजण्याची शक्यता किमान ९५ टक्के असली पाहिजे, आणि त्यासाठी भोंग्याची पातळी प्रत्यक्ष मर्यादेच्या खाली ठेवतात. नवे यंत्र बसवले की त्या जागच्या हवेत, त्या लांबीच्या नळीसह, अनेक दिवस त्याची अचूकता तपासली जाते. त्यानंतर रोज नमुन्याच्या टोकाशी अतिविरल द्रावणाचा ठरावीक थेंब टाकून यंत्र तो ओळखते का ते पाहतात. शोषनळ्यांच्या गठ्ठ्यात ज्ञात प्रमाणात विष टोचलेल्या नळ्या मिसळलेल्या असतात. त्यांतले विष सापडले नाही तर त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या ‘काही नाही’ या निकालांवरही प्रश्नचिन्ह लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि वरवर पाहता अनुत्पादक आहे. पण अशा प्रयोगशाळेची खरी निर्मिती मला यातच दिसते. शून्य लिहून ठेवणे कोणालाही जमेल. ते शून्य उलटतपासणीत टिकेल अशी सोय करून ठेवायला रोजचे कष्ट लागतात.

इथे पहिला आक्षेप येतो खोट्या भोंग्यांचा. मर्यादा एवढ्या खाली ठेवल्या की डिझेलचा धूर, कीटकनाशक किंवा गंधकाचे दुसरे एखादे संयुगही यंत्राला फसवते, काम थांबते, पैसा आणि वेळ जातो, आणि वारंवार वाजणाऱ्या भोंग्यावर माणसे विश्वास ठेवीनाशी होतात. हा आक्षेप हलका नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या देखरेखीचा अभ्यास केला तेव्हा खोट्या भोंग्यांचा प्रश्न गांभीर्याने घेतला होता. त्याचे गांभीर्य मे २००० मध्ये युटा राज्यातल्या टुइला इथल्या अस्त्रे जाळणाऱ्या भट्टीत दिसून आले. तिथे धुराड्यातून अत्यल्प प्रमाणात सरिन बाहेर गेले. त्या वेळी भट्टीत रॉकेटांचे तुकडे टाकले जात नव्हते, म्हणून धुराड्यावरचा भोंगा खरा असेल यावर नियंत्रण कक्षातल्या लोकांचा लगेच विश्वास बसला नाही. शोषनळ्यांच्या विश्लेषणाने तो खरा ठरवला आणि तिथले सरिनचे काम काही महिने थांबले. या घटनेवरून भोंगे कमी करा, पातळी वर न्या, असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. उपाय आहे तो पुष्टी लवकर मिळवण्यात. भोंगा वाजताच तो खरा धरून वागायचे, आणि दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने तो खोटा ठरला तरच काम पुन्हा सुरू करायचे. खोटा भोंगा महाग पडतो हे खरे, पण त्याची किंमत पैशात मोजता येते. खरा भोंगा खोटा मानला तर जी किंमत मोजावी लागते ती मोजणारा बहुधा कुंपणाबाहेर राहणारा माणूस असतो.

दुसरा आक्षेप मोठा आहे. जो कंत्राटदार कारखाना चालवतो, त्याच्याच गटातली संस्था हवा तपासत असेल आणि कामाचे पैसे वेळापत्रकाशी बांधलेले असतील, तर ती संस्था वाईट बातमी सांगेल का? या शंकेला कोणाच्या सचोटीचा दाखला हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर रचनेत शोधले पाहिजे, आणि अमेरिकेच्या या कार्यक्रमात ते बऱ्याच अंशी सापडते. अस्त्रे नष्ट करण्याच्या योजनांची छाननी आरोग्य खात्यामार्फत व्हावी असे तिथल्या कायद्याने सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंधन घातले, म्हणून लष्कराच्या बाहेरची सीडीसी या कामात आली. घातक कचऱ्याचा परवाना देणारे राज्याचे पर्यावरण खाते आपल्या अटी घालत असे. १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार आंतरराष्ट्रीय निरीक्षक प्रत्यक्ष हजर राहत. एकच आकडा इतक्या डोळ्यांखालून जातो तेव्हा तो दडपणे अशक्य नसले तरी अवघड आणि धोक्याचे होते. तरीही एक उणीव मला उघडपणे नोंदवावीशी वाटते. काम थांबवण्याचा अधिकार आणि प्रयोगशाळेचा मोबदला हे दोन्ही उत्पादनाच्या वेळापत्रकापासून कंत्राटातच वेगळे काढलेले असावेत. मोजणाऱ्याला पैसे मिळायचे ते त्याची क्षमता रोज सिद्ध झाली यासाठी. निकाल सोयीचा आला की नाही, याचा त्याच्या बिलाशी काहीही संबंध नसावा.

मग हे सगळे लष्करानेच का करू नये, असा तिसरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. मार्च १९६८ मध्ये युटातल्या डगवे चाचणी क्षेत्रावर विमानातून व्हीएक्सची चाचणी झाली आणि लगेच जवळच्या स्कल व्हॅलीत हजारो मेंढ्या मेल्या. लष्कराने मेंढपाळांना भरपाई दिली, पण जबाबदारी स्पष्टपणे स्वीकारली नाही. ज्याचे अस्त्र त्याचेच मोजमाप, ही व्यवस्था त्यानंतर लोकांच्या गळी उतरणे कठीण होते. पुढे केंटकीतल्या नागरिकांनी क्रेग विल्यम्स यांच्या पुढाकाराने भट्ट्यांना विरोध केला आणि धुराड्यातून नेमके काय बाहेर पडते हे आम्हाला वेळेत कळले पाहिजे, असा आग्रह धरला. त्या रेट्यामुळे अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये पर्यायी पद्धतींचा कार्यक्रम मंजूर केला, आणि ब्लू ग्रासमध्ये सरिन व व्हीएक्स जाळण्याऐवजी क्षाराच्या द्रावणाने त्यांचे विघटन केले गेले. तंत्र बदलले ते लोकांच्या अविश्वासामुळे, आणि तो अविश्वास रास्त होता. त्याला उत्तर देता येते ते फक्त बाहेरच्या माणसाला तपासता येईल अशा नोंदींनी.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. भारतानेही रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार आपला मस्टर्ड या रासायनिक अस्त्राचा साठा जाहीर केला आणि २००९ मध्ये तो पूर्ण नष्ट केला. ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन व विकास आस्थापना ही रासायनिक अस्त्रबंदी संघटनेने मान्य केलेल्या प्रयोगशाळांपैकी एक आहे, आणि ही मान्यता टिकवण्यासाठी अज्ञात नमुन्यांच्या परीक्षा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. म्हणजे रोजच्या आव्हानाची ही शिस्त आपल्या देशात आहे आणि आपल्या शास्त्रज्ञांना ती येते. ती नसेल तर काय होते, हे १९८४ मध्ये भोपाळने दाखवले. तिथल्या कारखान्यात विषारी वायूची गळती कळण्याचे साधन म्हणजे कामगारांचे चुरचुरणारे डोळे होते. सशाच्या जागी माणूस बसला होता, एवढाच काय तो फरक. तारापूर, महाड, लोटे परशुराम इथल्या रासायनिक वसाहतींत आज कारखान्यांच्या हवेचे आणि सांडपाण्याचे नमुने खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तपासतात आणि बऱ्याचदा त्यांचे बिल कारखानाच भरतो. कंत्राटी प्रयोगशाळा म्हणून त्यांना नावे ठेवून काही साधणार नाही. मागावे ते एवढेच: अहवालातल्या प्रत्येक ‘मर्यादेत आहे’ या शेऱ्यासोबत त्याच दिवशीच्या कसोटी नमुन्याचा निकालही छापलेला असावा, प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधूनमधून न सांगता विषयुक्त नमुने पाठवून या प्रयोगशाळांची परीक्षा घ्यावी, आणि ते निकाल शेजारच्या गावाला वाचायला मिळावेत. यासाठी नवे शास्त्र लागत नाही, फार मोठा खर्चही लागत नाही. तीस हजार टन विष नष्ट करताना जी शिस्त कंत्राटदाराकडून पाळून घेता आली, ती आपल्या कारखान्यांकडून पाळून घेण्याचा हक्क त्यांच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येक माणसाला आहे.