माती गोठल्यावर नव्हे, वितळल्यावर ढासळते

काही वर्षांपूर्वी लडाखमध्ये सेवा बजावणारा एक जवान सुट्टीत आमच्या ओपीडीत आला होता. हिमदंशाने त्याच्या करंगळीचे टोक गेले होते. बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, कडाक्याच्या थंडीत कच्चा रस्ता दगडासारखा असतो. खरी भीती बर्फ वितळू लागल्यावर. वरून ठीक दिसतो आणि गाडीचं चाक आत जातं.’’

त्याचे निरीक्षण अचूक होते. मातीच्या कणांमधले पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. पण नुकसान तेवढ्याने होत नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३०च्या सुमारास पाण्याऐवजी बेन्झीन वापरून पाहिले. बेन्झीन गोठताना आकसते, तरीही माती वर उचलली गेली. कारण गोठणारा थर खालचा द्रव सतत वर ओढून घेतो. जमिनीत पाणी असे ओढले जाते आणि बर्फाचे आडवे पापुद्रे तयार होतात. वसंतात वरचे पापुद्रे आधी वितळतात, पण खालचा थर गोठलेलाच असल्याने पाणी झिरपत नाही. रस्त्याखाली चिखल होतो. अशा वेळी रुग्णवाहिका अडकली, तर रस्त्याचा प्रश्न रुग्णाच्या जिवावर बेततो.

यावरचा एक उपाय आपल्या ओळखीचा आहे. गावाकडे भिंतीच्या मातीत भुसा कालवतात, तसेच अभियंते मातीत बारीक तंतू मिसळतात. इराणमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिकणमाती दहा वेळा गोठवून वितळवली. साध्या मातीची ताकद २० ते २५ टक्क्यांनी घटली. ३ टक्के पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळलेली माती मात्र साध्या मातीपेक्षा किमान दीडपट मजबूत राहिली आणि तिचा फुगवटाही ७० टक्क्यांनी कमी झाला.

तंतूंमुळे बर्फ व्हायचा थांबत नाही. भेग पडू लागली की ते तिच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. आपल्या हाडांत कोलाजेनचे धागे असेच काम करतात. ते नसते तर हाड खडूसारखे मोडले असते. अर्थात, तंतू घातले म्हणून पाण्याचा निचरा टाळून चालत नाही.

त्या जवानाचे बोटही एकदा गोठून बिघडले नव्हते. शेकून ऊब आली आणि पुढच्या चालीत ते पुन्हा गोठले. म्हणून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: गोठलेला भाग चोळू नका, शेकोटीवर धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देण्याची घाई करू नका. सुरक्षित जागी पोहोचल्यावर तो ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बुडवा आणि लगेच डॉक्टर गाठा. मातीत तंतू मिसळता येतात. बोटाला तसा आधार देण्याची सोय आमच्याकडे नाही.