पाहुण्यांसाठी शाकाहारी मेजवानी

(ईद, दिवाळी, लग्न, वाढदिवस अशा प्रसंगी आपल्याकडे पाहुणे येतात. त्यांतील काही मांस, मासे व अंडी खात नाहीत. अशा पाहुण्यांसाठी मेजवानीची तयारी कशी करावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ‘मेजवानी’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. तुमच्या घरी ‘मेजबान’ आणि ‘मेहमान’ हे शब्द रोज ऐकू येतात. मराठीतील ‘मेजवानी’ हा शब्द फारसीतील ‘मेजबानी’ या शब्दापासून आला आहे. पुलाव, हलवा, समोसा हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. शब्द जसे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले, तसे पदार्थही एका घरातून दुसऱ्या घरात गेले.

मेजवानी म्हणजे केवळ पोट भरणे नव्हे. पाहुणा निश्चिंत मनाने जेवला पाहिजे. ताटातील पदार्थ आपल्याला चालतो की नाही, अशी शंका मनात आली, तर पाहुणा ‘भूक नाही’ असे म्हणतो आणि पाणी पिऊन उठतो. यजमानाला वाईट वाटते. पाहुण्यालाही संकोच वाटतो. दोघांचाही दोष नसतो. फक्त आधी विचारायचे राहून गेलेले असते.

म्हणून पहिले काम म्हणजे विचारणे. आमंत्रण देतानाच मोकळेपणाने विचारावे, “काकू, रविवारी आमच्याकडे जेवायला याल ना? तुम्हांला काय चालतं आणि काय चालत नाही, ते आधी सांगाल का?” असे विचारण्यात काही गैर नाही. उलट, यजमान आपली काळजी घेत आहे, हे पाहून पाहुण्याला बरे वाटते.

सर्व शाकाहारी माणसांचे नियम सारखे नसतात. आपल्याकडे शाकाहारात दूध, दही, तूप चालते. मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत. जैन कुटुंबांतील पुष्कळ लोक कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा असे जमिनीखाली वाढणारे पदार्थ खात नाहीत. त्यांच्यापैकी काहीजण सूर्यास्तापूर्वी जेवतात. काही हिंदू कुटुंबांत चातुर्मासात कांदा, लसूण व वांगी वर्ज्य असतात. एरवी मांसाहार करणारी अनेक माणसे श्रावण महिन्यात तो बंद ठेवतात. एकादशी किंवा चतुर्थीचा उपवास असला, तर भात, पोळी, डाळ यांपैकी काहीच चालत नाही. काहींना शेंगदाणे सोसत नाहीत, तर काहींना मधुमेहामुळे गोड चालत नाही. म्हणून अंदाज करू नये, विचारावे.

दुसरे काम म्हणजे पदार्थ ठरवणे. मटणाच्या रश्श्यातून मटण काढून टाकले की शाकाहारी जेवण झाले, असे होत नाही. शाकाहारी जेवणाची आखणी स्वतंत्रपणे करावी लागते. एक पदार्थ रसदार असावा, एक कोरडा असावा, एक आंबट व थंड असावा आणि एक गोड असावा. प्रत्येक पदार्थात बटाटाच असेल, तर जेवणारा कंटाळतो. डाळ, हरभरे, पनीर, दही यांपैकी दोन तरी गोष्टी असाव्यात. त्यांतून शरीराला प्रथिने मिळतात आणि पोटही भरते.

असे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहेत. भाज्या घातलेली तहरी, छोले, दही वडे, खट्टी दाल, मिरचीचे सालन, फिरनी, गाजराचा हलवा हे सर्व मांसाशिवाय होतात. बघारे बैंगनचेच पाहा. त्यात शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे आणि चिंच असते. महाराष्ट्रातील भरल्या वांग्यांतही शेंगदाण्याचे कूट, तीळ, खोबरे आणि चिंच-गूळ घालतात. दोन्ही भाज्या जणू सख्ख्या बहिणीच आहेत. शेजारच्या काकूंना बघारे बैंगन वाढले, तर त्यांना आपल्याच घरची चव आठवेल.

समजा, रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वीस पाहुणे जेवायला येणार आहेत. त्यांच्यासाठी तहरी, पुऱ्या, छोले, बघारे बैंगन, दही वडे, काकडीची कोशिंबीर आणि शीर खुर्मा असा बेत ठरवता येईल. साहित्याचा साधारण अंदाज असा :

तहरी : दीड किलो तांदूळ आणि एक किलो भाज्या.
पुऱ्या : दोन किलो कणीक. प्रत्येकाला चार याप्रमाणे सुमारे ऐंशी पुऱ्या होतात.
छोले : एक किलो सुके हरभरे. भिजल्यावर त्यांचे वजन दुपटीपेक्षा थोडे जास्त होते.
बघारे बैंगन : लहान वांगी चाळीस, म्हणजे सुमारे दोन किलो.
दही वडे : पाऊण किलो उडदाची डाळ आणि अडीच किलो दही.
कोशिंबीर : दीड किलो काकडी. शिवाय दहा लिंबे.
शीर खुर्मा : तीन लिटर दूध. प्रत्येकाला एक वाटी.

दोन-चार माणसे जास्त आली, तर धावपळ नको म्हणून तांदूळ व कणीक थोडी अधिक आणून ठेवावी. ती वाया जात नाही. शिजवलेले अन्न मात्र गरजेपुरतेच करावे.

या बेतात थोडा बदल केला, की वेगळे नियम असलेल्या पाहुण्यांचीही सोय होते. जैन पाहुणे असतील, तर स्वयंपाक सुरू करतानाच थोडे छोले कांदा, लसूण, आले न घालता, जिरे आणि हिंग यांची फोडणी देऊन वेगळे काढावेत. आलेसुद्धा जमिनीखाली वाढते, हे ध्यानात ठेवावे. पुष्कळ जैन वांगीही खात नाहीत; त्यांच्यासाठी भेंडीची किंवा दुधीची भाजी करावी. तहरीतही बटाटा व गाजर न घालता मटार आणि फरसबी घातली, तर तीच तहरी अधिक लोकांना चालेल. मात्र त्यांच्यासाठी तीही कांदा-लसणाशिवाय करावी लागेल. उपवासाच्या पाहुण्याला शीर खुर्मा चालणार नाही, कारण शेवया गव्हाच्या असतात. मात्र शेवया घालण्यापूर्वी खजूर आणि सुका मेवा घातलेले दूध वाटीभर बाजूला काढले, तर ते त्याला देता येते. सोबत फळे ठेवावीत. ईदचा गोडवा त्याच्यापर्यंतही पोहोचतो.

तिसरे काम म्हणजे लपलेल्या गोष्टींकडे लक्ष देणे. काही पदार्थ दिसायला शाकाहारी असतात. पण ते तसे असतातच असे नाही. जेली ज्या जिलेटिनने घट्ट होते, ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार करतात. त्याऐवजी चायना ग्रास वापरावे. ते समुद्रातील वनस्पतीपासून मिळते. केकमध्ये बहुधा अंडी असतात. काही बेकऱ्यांच्या नानमध्येही अंडे घालतात. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वापार जनावरांच्या चामड्याच्या थरांमध्ये ठेवून कुटला जात असे. म्हणून वर्खाऐवजी पिस्त्याचे काप किंवा गुलाबाच्या पाकळ्या घालाव्यात. शोभा कमी होत नाही.

बाजारातील बंद पाकिटावर एक खूण असते. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असला, तर तो पदार्थ शाकाहारी असतो. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. अंडे असलेल्या पदार्थावरही मांसाहाराचीच खूण असते. पाकीट विकत घेण्यापूर्वी ही खूण पाहण्याची सवय लावावी.

चौथे काम भांड्यांचे. ज्या तेलात कबाब तळले, त्याच तेलात वडे तळले तर ते वडे शाकाहारी राहत नाहीत. तेल नवे घ्यावे. कढई, झारा, सुरी आणि भाजी चिरायची फळी स्वच्छ व वेगळी असावी. मटणाच्या पातेल्यातला चमचा चुकूनही छोल्यांत जाऊ नये. काही पाहुण्यांना मांस शिजणाऱ्या भांड्यांत शिजवलेले अन्नच चालत नाही. त्यांच्यासाठी भाड्याने वेगळी भांडी आणता येतात. वाढण्यासाठी केळीची पाने किंवा पत्रावळी वापरता येतात. एवढे करणे शक्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे आणि त्यांच्यापुढे फळे व सुका मेवा ठेवावा.

आता वेळेचे नियोजन पाहू. आदल्या दिवशी सामान आणावे, मसाले भाजून वाटावेत आणि रात्री हरभरे व उडदाची डाळ भिजत घालावी. सकाळी छोले आणि बघारे बैंगन करावे. वडे तळून पाण्यात घालावेत, पिळावेत आणि वाढण्याच्या थोडे आधी दह्यात सोडावेत. दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात लवकर नासतात, म्हणून ते थंड जागी ठेवावेत. तहरी पाहुणे येण्यापूर्वी तासभर आधी चढवावी. पुऱ्या मात्र पाहुणे बसल्यावरच तळाव्यात. ही कामे घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावीत. अम्मी एकट्याच चुलीपुढे आणि बाकीचे बैठकीत, अशी मेजवानी बरी नव्हे. मुलांनीही वाटाणे सोलावेत, काकडी चोचवावी आणि पाणी वाढावे.

पाहुणे आले, की प्रत्येक पदार्थाचे नाव सांगावे व त्यात काय आहे तेही सांगावे. “यात कांदा-लसूण आहे, यात नाही,” एवढे सांगितले तरी पुरे. कोणी काही विचारले, तर खरे तेच सांगावे. ‘त्यांना काय कळणार आहे?’ असा विचार कधीही करू नये. पाहुणा आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घास तोंडात घालतो. तो विश्वास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

सर्वच पदार्थ मांसाशिवाय केले, तर आणखी एक फायदा होतो. एका बाजूला एक दस्तरखान आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे करावे लागत नाही. मांस खाणारे आणि न खाणारे एकाच पंगतीत बसतात. पुरी इकडून तिकडे जाते, गप्पा रंगतात आणि जाताना काकू अम्मींना बघारे बैंगनची कृती विचारतात. पुढे दिवाळीत त्यांच्या घरून फराळाचे ताट येते. शेजार असाच जुळत जातो.

शब्दार्थ
यजमान – मेजबान
संकोच – झिजक
निश्चिंत – बेफिक्र
वर्ज्य – मना असलेले
बेत – जेवणात कोणते पदार्थ करायचे याची योजना
पंगत – जेवायला बसलेल्यांची रांग
चोचवणे – काकडी बारीक चिरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मेजवानी’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला आहे?
(आ) जिलेटिनऐवजी काय वापरता येते आणि ते कशापासून मिळते?
२. कारणे लिहा.
(अ) उपवासाच्या पाहुण्याला शीर खुर्मा चालत नाही.
(आ) वडे तळण्यासाठी नवे तेल घ्यावे.
३. बघारे बैंगन आणि भरली वांगी यांतील साम्य तीन-चार वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरी दहा शाकाहारी पाहुणे येणार आहेत. जेवणाचा बेत ठरवा आणि साहित्याची यादी करा.
५. शेजारच्या काकांना जेवायचे आमंत्रण देणारा संवाद लिहा. त्यांना काय चालते, तेही विचारा.