दीड कोटी डॉलरची रद्दी

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेत एका जुन्या मासिकाचा एक अंक विकला गेला. किंमत दीड कोटी डॉलर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला, तर १३५ कोटी रुपये. मासिकाचं नाव ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’, अंक पहिला, मुखपृष्ठावर महिना जून १९३८. त्याच मुखपृष्ठावर निळ्या पोशाखातला, पाठीवर लाल वस्त्र उडवणारा एक गडी हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटतो आहे. सुपरमॅनचं जगाला झालेलं हे पहिलं दर्शन. अंकाची छापील किंमत होती १० सेंट.

१५ कोटी पट

दहा सेंटचे दीड कोटी डॉलर म्हणजे १५ कोटी पट. यात महागाईचा वाटा अगदीच किरकोळ आहे. १९३८ च्या दहा सेंटची आजची किंमत फार तर सव्वादोन-अडीच डॉलर भरेल. बाकी सगळी वाढ त्या कागदाची.

हेच गणित दुपटीच्या हिशेबात मांडलं, तर ८८ वर्षांत पैसे २७ वेळा दुप्पट झाले, म्हणजे साधारण दर सव्वातीन वर्षांनी एकदा. वार्षिक चक्रवाढीचा दर येतो जवळजवळ २४ टक्के. मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून बँक बदलणाऱ्या माणसाने हा आकडा सावकाश वाचावा.

मुखपृष्ठं धरून अंकाची पानं ६८. म्हणजे पानाला २ लाख २० हजार डॉलर, आपले सुमारे दोन कोटी रुपये. त्यात सुपरमॅनची गोष्ट फक्त १३ पानांची आहे. बाकीच्या पानांवर झटारा नावाचा जादूगार आणि आज कोणाच्या लक्षात नसलेली इतर मंडळी आहेत. त्यांचाही भाव पानाला दोन कोटीच.

दोन लाखांतले शंभर

या अंकाच्या साधारण दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज त्यातल्या शंभरेक शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. दोन हजारांत एक. अंकाची जाडी तीन मिलिमीटर धरली, तर १९३८ मध्ये सगळ्या प्रतींची थप्पी ६०० मीटर उंच झाली असती. आज ती शाळेतल्या फूटपट्टीएवढी, ३० सेंटिमीटर भरेल.

मग बाकीच्या १,९९,९०० प्रती गेल्या कुठे? जिथे मासिकं जातात तिथेच. पोरांनी त्या गुंडाळून खिशात कोंबल्या, मित्राच्या अंकाशी अदलाबदल केली, चित्रं कापून भिंतीला चिकटवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि देशप्रेमाच्या भरात मुलांनीच आपली कॉमिक्स गाडीवर नेऊन टाकली. युद्धानंतर पालकांना धास्ती बसली, की ही चित्रं मुलांना बिघडवतात. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात शाळकरी मुलांनी कॉमिक्सची होळी पेटवली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं कॉमिक्सविरोधी पुस्तक आलं, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि घरोघरी उरलेले गठ्ठेही बाहेर पडले.

फेकण्याचं हे प्रमाण समजायचं, तर छपाईचं प्रमाण पाहावं लागतं. त्या सिनेट समितीच्याच अहवालात आकडे आहेत. १९४० मध्ये कॉमिक्सचा महिन्याचा खप होता सुमारे १ कोटी ७० लाख प्रती. १९५३ मध्ये तो ६ कोटी ८० लाखांवर गेला. वर्षाला ८१ कोटींहून जास्त. एवढा कागद कोण सांभाळणार? आणि कशासाठी?

लगद्याचा कागद

ज्या प्रती माणसांच्या हातून वाचल्या, त्यांना कागदानेच दगा दिला. कॉमिक्सच्या आधीपासून अमेरिकेत असाच कागद वापरणारी ‘पल्प’ मासिकं होती. १८९६ मध्ये फ्रँक मन्सी याने ‘आर्गोसी’ हे मासिक पूर्णपणे कथांना वाहिलं आणि लाकडाच्या लगद्यापासून बनलेल्या सर्वांत स्वस्त कागदावर छापलं. १९०७ पर्यंत त्याचा खप पाच लाखांवर गेला. या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. हवा आणि उजेड लागला की त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे तोडत जातं. पान आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि शेवटी पापडासारखं मोडतं. शिवाय पल्पचं मुखपृष्ठ आतल्या पानांपेक्षा थोडं मोठं असे. बाहेर आलेली ती कड पहिल्याच हाताळणीत दुमडायची, फाटायची. म्हणून उत्तम अवस्थेतलं पल्प मासिक हे उत्तम अवस्थेतल्या कॉमिकपेक्षाही दुर्मीळ.

दुर्मीळ असलं म्हणजे महाग असतंच, असं मात्र नाही. ऑक्टोबर १९१२ च्या ‘ऑल-स्टोरी’ मासिकात टारझन पहिल्यांदा अवतरला. लेखक एडगर राइस बरोज यांना कथेचे ७०० डॉलर मिळाले, अंकाची किंमत होती १५ सेंट. २००६ मध्ये त्याची एक प्रत लिलावात ५९,७५० डॉलरला गेली. म्हणजे सुमारे चार लाख पट. एरवी डोळे पांढरे करणारा हा आकडा सुपरमॅनच्या १५ कोटी पटीपुढे अगदी गरीब वाटतो. नग कमी असून भागत नाही, तो हवा असणारी माणसंही जास्त लागतात.

अर्धा गुण, ८१ कोटी रुपये

जुन्या मालाच्या बाजारात भांडणाचं मूळ एकच. विकणारा म्हणतो कोरा करकरीत, घेणारा म्हणतो पार झिजलेला. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी कॉमिक्सच्या भावांचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक काढलं, तेव्हा निदान भावाला आधार मिळाला. अवस्थेचा वाद मिटायला २००० साल उजाडलं. त्या वर्षी सीजीसी ही कंपनी सुरू झाली. ती स्वतः कॉमिक्स विकत नाही, फक्त तपासून ग्रेड देते. एकापेक्षा जास्त तपासनीस प्रत पाहतात, पानं मोजतात, कण्यावरच्या बारीक चिरा, गंजलेल्या पिना, बोथट कोपरे, पानांचा पांढरेपणा टिपतात. मग ग्रेड ठरते आणि प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात सीलबंद होते. बाजारात त्या कवचाला ‘स्लॅब’ म्हणतात.

ग्रेड ०.५ पासून १० पर्यंत, एकूण २५ पायऱ्या. पण या पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत. ३ ते ४ मध्ये तीनच थांबे आहेत. ९ ते १० मध्ये सात आहेत: ९.०, ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १०. जिथे डोळ्याला फरक दिसेनासा होतो, तिथेच पायऱ्यांची दाटी. कारण पैसा तिथेच आहे.

तो किती, ते याच अंकाच्या तीन विक्रींत दिसतं. जानेवारी २०२२ मध्ये ६.० ग्रेडची प्रत ३१ लाख ८० हजार डॉलरला गेली. एप्रिल २०२४ मध्ये ८.५ ची प्रत ६० लाखांना. आणि आता ९.० ची दीड कोटीला. साडेआठ ते नऊ या अर्ध्या गुणामागे ९० लाख डॉलर, म्हणजे ८१ कोटी रुपये. हा फरक डोळ्यांनी पाहायचा, तर कण्यावरच्या दोन-चार बारीक चिरा आणि एखादा किंचित दबलेला कोपरा.

यात दोन वर्षांत चढलेला बाजार आहे आणि एक चोरीही आहे. ९.० ची ही प्रत पूर्वी अभिनेता निकोलस केज याची होती. त्याने ती नव्वदच्या दशकात दीड लाख डॉलरला घेतली. २००० मध्ये ती घरातून चोरीला गेली आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या एका गोदामखोलीत सापडली. त्याच वर्षी ती २१ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. आज ती केजच्या खरेदीच्या शंभर पट आहे. अंकाला इतिहास चिकटला की तोही भावात धरला जातो.

डागडुजीचा हिशेब मात्र उलटा. फाटलेलं पान चिकटवलं, उडालेल्या रंगावर कुंचला फिरवला, वेड्यावाकड्या कडा कापून सरळ केल्या, तर प्रत दिसायला सुधारते आणि भाव कोसळतो. सीजीसी अशा प्रतीला जांभळं लेबल लावते आणि संग्राहक ते लांबूनच ओळखतात. प्रेमाने लावलेली चिकटपट्टी या धंद्यात सर्वांत महागात पडते.

पानाला १० डॉलर

सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सिगेल आणि जो शूस्टर यांना १३ पानांच्या त्या गोष्टीचे, पात्राच्या हक्कांसकट, १३० डॉलर मिळाले. पानाला दहा डॉलर. तेच पान आज २ लाख २० हजारांचं, म्हणजे २२ हजार पट. १ मार्च १९३८ च्या ज्या धनादेशात हे १३० डॉलर होते, तो ४१२ डॉलरचा धनादेशही कोणीतरी जपून ठेवला होता. २०१२ मध्ये तो १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. सुपरमॅन विकत घेतल्याची पावती सुपरमॅनच्या किमतीच्या बाराशे पटींनी महाग ठरली. सिगेल आणि शूस्टर यांना १९७५ मध्ये, बरंच झगडल्यावर, वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलरचं निवृत्तिवेतन मिळालं. लिलावातल्या पैशात निर्मात्याचा वाटा नसतो.

न फेकणाऱ्याचं नशीब

दोन हजारांत एक हे प्रमाण एका माणसाने उलटं फिरवलं. कोलोरॅडोतला एडगर चर्च टेलिफोन डिरेक्टरीतल्या जाहिरातींची चित्रं काढायचा. चित्रांच्या आवडीपोटी तो कॉमिक्स घ्यायचा आणि थप्प्या लावून ठेवायचा. घट्ट थप्पीत हवा आणि उजेड शिरला नाही, तिथल्या कोरड्या थंड हवेने उरलेलं काम केलं. १९७७ मध्ये त्याचं घर रिकामं होत असताना चक रोझान्स्की या २१ वर्षांच्या दुकानदाराला तिथे १८ हजारांहून जास्त अंक मिळाले, आणि तेही जणू कालच छापल्यासारखे. ‘माइल हाय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहातली प्रत म्हटलं, की आजही बाजारभावाच्या वर बोली लागते.

असे साठे अजून निघतात. कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या मृत्यूनंतर माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, १९३९ चा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक सापडला. ग्रेड ९.०. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९१ लाख २० हजार डॉलरला गेला.

८१,८६,५०० प्रती

अशा बातम्या वाचून लोकांनी एकच धडा घेतला: जपून ठेवा. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला. पाचही घ्यायचे, वाचायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचे, असा विचार लाखो लोकांनी एकदमच केला. ८१ लाख ८६ हजार ५०० प्रती छापल्या गेल्या. एकाच अंकाच्या खपाचा तो विश्वविक्रम. प्रत दीड मिलिमीटर जाड धरली, तर थप्पी बारा किलोमीटरची, एव्हरेस्टहून तीन किलोमीटर उंच. आणि तिच्यातलं जवळजवळ काहीच हरवलं नाही. पस्तीस वर्षांनंतरही साधी प्रत दोन-चार डॉलरला मिळते. सगळ्यांनी जपलं, म्हणून कोणाच्याच हाती काही लागलं नाही.

आपल्याकडची गोष्ट मात्र १९३८ च्या वळणाने गेली. मार्च १९६४ मध्ये मुंबईतून टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ६० पैशांत इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. पुढे ती मराठीतही आली आणि त्यांचा नायक वेताळ घराघरांत पोहोचला. १९९० पर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले. परीक्षा संपली की ते किलोच्या भावाने रद्दीत जायचे. ज्यांनी तेव्हा रद्दीवाल्याचा काटा नीट आहे ना एवढंच पाहिलं, तेच आज ते अंक शोधत फिरतात.

२४ वजा १०

आता शेवटचा हिशेब. वर्षाला २४ टक्के हा दर फक्त एका प्रतीचा आहे. १९३८ मध्ये दोन लाख गिऱ्हाइकांनी प्रत्येकी दहा सेंट मोजले असं धरलं, तर त्या सगळ्यांना मिळून काय परतावा मिळाला? उरलेल्या शंभर प्रतींची सरासरी किंमत दहा लाख डॉलर धरू. एकूण झाले दहा कोटी. ते दोन लाख गिऱ्हाइकांत वाटले, तर माणशी ५०० डॉलर. दहा सेंटचे पाचशे डॉलर, पाच हजार पट. ८८ वर्षांत हा दर वर्षाला दहा टक्क्यांच्या जरा वर जातो.

अमेरिकेच्या शेअर बाजाराने लाभांशासह दीर्घ काळात जवळपास एवढंच दिलं आहे. म्हणजे मासिकांच्या इतिहासातला सर्वांत भाग्यवान अंक, पण सगळे गिऱ्हाईक मोजले, तर साध्या शेअर बाजाराच्या बरोबरीचा. त्या वर्षीच्या बाकीच्या अंकांचं तर विचारूच नका. २४ आणि १० यांच्यातले चौदा टक्के कागदातून उगवलेले नाहीत आणि सुपरमॅननेही आणून दिलेले नाहीत. ते दिले आपला अंक कचऱ्यात टाकणाऱ्या १,९९,९०० लोकांनी, आणि त्यातल्या एकालाही आपण गुंतवणूक करतो आहोत याचा पत्ता नव्हता.