श्वासाची गोष्ट – लेखांक ११ : रिपोर्टमध्ये 'आर' येण्याआधी

मागच्या आठवड्यात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाबद्दल लिहिलं. आज त्याच्या शेजारचा, पण आपल्याकडे फारसा ठाऊक नसलेला आजार : सिस्टिक फायब्रोसिस. शेजारचा अशासाठी, की या आजाराचं मूल आपल्याकडे पुष्कळदा आधी क्षयाच्या गोळ्या घेऊन येतं आणि मग कधीतरी खऱ्या निदानापर्यंत पोचतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मुलांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' हा शब्द आयांच्या तोंडून हमखास ऐकू येतो. जात नाही असा खोकला, न वाढणारं वजन, एक्स-रेवर डाग. डॉक्टरांचा संशय क्षयाकडे जाणं साहजिकच आहे. कल्याणला जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशींना १८८७ साली याच रोगाने नेलं, आणि तो अजून इथून हललेला नाही. सहा महिने औषधं होतात, थोडा उतार पडतो, खोकला परत येतो. मग 'बाळदमा' ठरतो. मग दर पावसाळ्यात एखादं अँटिबायोटिक, कधी डॉक्टरांनी दिलेलं, कधी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणलेलं, आणि ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बंद केलेलं. मुलाला तेलकट, फार घाण वासाची, भरपूर शी होते हे या सगळ्यात कुणी विचारत नाही. आईही सांगत नाही. खोकल्याला आलो तर शीचं काय सांगायचं?

तेच तर सांगायला हवं. क्लोराइडची ये-जा सांभाळणारं एक जनुक बिघडलं की फुप्फुसातला कफ घट्ट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि घामातून मीठ वाहून जातं. आजाराचं नीट वर्णन न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये केलं. जनुक सापडायला १९८९ उजाडलं. घामाचा धागा मात्र उन्हाळ्याने दाखवला. न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत हीच मुलं गळून दवाखान्यात येताहेत हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९५३ मध्ये त्यांच्या घामातलं जादा मीठ मोजून दाखवलं गेलं. आपल्या एप्रिल-मेमध्ये एखादं तान्हं बाळ उलट्या करत मलूल पडलं, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरलं आणि त्याची पापी खारट लागते असं आजी म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नये. चाचणी साधी आहे. हातावर पिलोकार्पिन लावून ते मंद विजेने कातडीत उतरवतात, अर्धा तास घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर संशय पक्का होतो. सुई टोचावी लागत नाही.

दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करायच्या आपल्या जुन्या रिवाजात त्याला वाट सोपी होते.

आता जंतूंकडे वळू. घट्ट कफात बहुधा आधी स्टॅफिलोकोकस येतो, मागून स्युडोमोनास. हा पाण्यातला जंतू : मोरी, सिंक, नळाचं तोंड, कुठेही सापडतो. धडधाकट फुप्फुस त्याला बाहेर काढून टाकतं, इथे मात्र तो मुक्काम ठोकतो. काही काळाने पोहायची शेपटी टाकून देतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण विणतो. गच्चीवरची टाकी धुताना हाताला जो थर लागतो, त्याच जातीचं हे प्रकरण. आतले जंतू निवांत असतात, जेमतेम वाढतात. आणि आपली बरीच अँटिबायोटिक्स मारतात ती वाढणाऱ्या जंतूंना. काहींमध्ये तर जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असते. त्यांच्यात बदल झपाट्याने होतात आणि औषधांना चकवणारे वाण लवकर निपजतात.

म्हणून कल्चर रिपोर्ट घरच्यांना बुचकळ्यात टाकतो. औषधांची यादी आणि समोर 'एस' किंवा 'आर' : लागू पडेल, पडणार नाही. पण प्रयोगशाळा तपासते ते आवरणातून सुटून मोकळे वाढवलेले जंतू. एकाच बेडक्यातून हिरवट, चिकट, बारीक अशा निरनिराळ्या वसाहती उगवतात आणि प्रत्येकीचा रिपोर्ट वेगळा येऊ शकतो. 'एस' असून उतार पडत नाही, 'आर' असून पडतो, हे या आजारात नवल नाही. 'आर' दिसला की दुसऱ्या, आणखी महागड्या औषधासाठी धावाधाव करणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांना दोष कसा द्यावा?

माझं म्हणणं असं, की झुंज त्या कागदाच्या कितीतरी आधीची आहे. स्युडोमोनास पहिल्यांदा सापडतो तेव्हा त्याने आवरण विणलेलं नसतं. त्या वेळी टोब्रामायसिन नेब्युलायझरमधून २८ दिवस दिलं तर बहुतेक मुलांमध्ये तो निघून जातो. ही संधी साधायची तर निदान आधीच झालेलं हवं आणि मूल बरं असतानाही बेडका नियमित तपासायला हवा. वर्षानुवर्षं 'प्रायमरी' आणि 'बाळदमा' यांत गेलेल्या मुलाच्या वाट्याला ही संधी येतच नाही. उलट त्याचे जंतू तोवर अर्धवट घेतलेल्या औषधांवर तालीम करून मोकळे झालेले असतात. एकदा आवरण पक्कं झालं की पुढे केवळ आवर घालणं उरतं.

घरात करण्यासारखं एक काम आहे, आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. नेब्युलायझरचा कप वापर झाल्यावर नुसता नळाखाली विसळून ओलाच पिशवीत टाकला, तर आपणच जंतू पुढच्या वाफेबरोबर आत पाठवतो. साबणाने धुवावा, कंपनी चालेल म्हणत असेल तर रोज पाच मिनिटं उकळावा आणि पूर्ण सुकू द्यावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे काहीच सुकत नाही, तेव्हा एक जादा कप घेऊन ठेवावा.

दुसरी गोष्ट ऐकायला कठोर वाटते : या आजाराच्या दोन मुलांनी एकमेकांना भेटू नये. न्यूयॉर्क राज्यात सडक्या कांद्यांवर सापडलेला, १९५० मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर यांनी नोंदवलेला जंतू पुढे या रुग्णांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे पसरला, आणि मुलांची उन्हाळी शिबिरं बंद करावी लागली. कोपनहेगनच्या केंद्राने तर १९८० च्या दशकातच स्युडोमोनास असलेली आणि नसलेली मुलं वेगळी ठेवायला सुरुवात केली. आपल्या ओपीडीतल्या बाकांवर हे कसं जमावं, हा प्रश्नच आहे. निदान मास्क लावावा, बाहेर मोकळ्यावर थांबावं आणि नंबर आला की फोन करा असं सांगून ठेवावं.

सगळी औषधं हरल्यावर काय, हे पुढच्या लेखांकात. २०१९ मध्ये जाहीर झालेली एका ब्रिटिश मुलीची हकिकत, आणि तिच्या उपचारात कामी आलेला, डर्बनमधल्या एका कुजक्या वांग्यावर सापडलेला विषाणू.