खरूज घराला होते

मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आठ पायांची, कोळी-गोचिडांच्या गोतातली. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणते आणि पुढे सरकताना मागे रोज दोन-तीन अंडी ठेवत जाते. महिना-दीड महिन्याचं आयुष्य. ही खरजेच्या किड्याची मादी.

इटलीच्या बोनोमो या डॉक्टरनं १६८७ मध्ये तिचं चित्र प्रसिद्ध केलं. पण त्याच्याच पत्रात आहे, की गरीब बाया आपल्या लेकरांच्या अंगातून टाचणीच्या टोकानं हे जीव काढायच्या. १८३४ मध्ये रेनुची या विद्यार्थ्यानं पॅरिसच्या प्राध्यापकांना ती सुईनं काढून दाखवली. तो कॉर्सिकाचा, ही कला त्यानं तिथल्या खेड्यातल्या बायांकडूनच पाहिली होती. मायमाऊल्यांना आधीच माहीत होतं!

मला खरा अचंबा वाटतो तो खाजेचा. मोठ्या माणसाच्या अंगावर बहुधा दहा-पंधराच माद्या असतात. रात्रभर झोप उडवायला तेवढ्या पुरतात. कारण खाज त्यांच्या खणण्याची नसतेच. त्यांच्यावर, त्यांच्या विष्ठेवर आणि अंड्यांवर आपलंच शरीर चिडतं, त्या चिडण्याची ती खाज. पहिल्या वेळी हे चिडायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस खाजवत नाही, आणि खरूज मात्र इतरांना देत असतो.

आता धारणी तालुक्यातलं कोरकू गाव डोळ्यांपुढे आणा. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मेळघाटातली कडाक्याची थंडी, शेकोटीजवळ एका गोधडीत झोपलेली लेकरं. ही मादी उडत नाही, उडी मारत नाही. तिला अंगाला अंग बराच वेळ लागलेलं हवं असतं. ती आंघोळीनंही निघत नाही. म्हणून खरूज झालेल्या पोराला घाणेरडं म्हणणं हा अन्याय आहे. आणि दुर्लक्ष महाग पडतं: खाजवलेल्या जखमेत जंतू शिरले, तर पुढे मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. जगात कोणत्याही क्षणी सुमारे २० कोटी लोकांना ती असते. फिजीच्या काही बेटांवर २०१२ मध्ये जवळपास सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. आधी शंभरातल्या बत्तीस जणांना खरूज होती, वर्षभरानं दोघांना उरली. हे औषध जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून आलं. २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच्या शोधाला मिळाला.

आपल्याकडे परमेथ्रिन मलम मिळतं. गळ्यापासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं, आठवड्यानं पुन्हा. पण एकट्या पोराला लावलं, तर गोधडीतला दुसरा त्याला पुन्हा देतो. धारणीकडची कुटुंबं कामासाठी बाहेर पांगतात, आणि होळीला घरी येतात. तेव्हा त्या दिवसांत दवाखान्यातून घरातल्या सगळ्यांपुरतं मलम मागून आणा, लहानग्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या, आणि एकाच रात्री सगळ्यांना लावा. ज्याला खाज नाही, त्यालाही.