हेदवीचा मोगरा आणि खोडव्याचा केवडा
(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



उसाच्या या पानावर मोगऱ्याचं काय काम, असं आपण विचाराल. पण दारातलं एखादं झाड अख्ख्या रानाचं दुखणं सांगून जातं. म्हणून या अंकात लावण, खत आणि पाण्याच्या पाळ्या बाजूला ठेवून एका मोगऱ्याची हकिगत देतो.

हेदवी हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथला दशभुजा लक्ष्मीगणेश आणि भरतीच्या वेळी पाणी उसळणारी बामणघळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आपल्या एका सभासदांची सून या गावची. माहेरपणाहून येताना तिनं आईच्या परसातल्या मोगऱ्याला दाब देऊन केलेलं रोप आणलं आणि न्हाणीच्या पाण्यावर आयतं जगेल म्हणून सांडपाण्याच्या चरीकडेला लावलं. पहिला पावसाळा बरा गेला. पुढं पान पिवळं पडायला लागलं. सासऱ्यांनी ओंजळभर युरिया टाकला, सासूबाईंनी दोन हंडे पाणी वाढवलं. पिवळेपणा हटेना. शेंड्याची पानं तर कागदासारखी पांढरी झाली. शिमगा गेला, पाडवा गेला, हेदवीच्या परसात मोगऱ्याचा बहर सुरू झाला आणि इथं कळीसुद्धा नाही.

“कोकणातलं रोप. आपल्या काळ्या रानात नाही यायचं. उपटून जास्वंद लावू,” असं सासूबाईंचं मत पडलं. सून उलट बोलली नाही, पण उपटायलाही हात लावीना.

मी त्या वस्तीवर गेलो होतो खोडवा पाहायला. खोडवा पिवळा पडला म्हणून गट ऑफिसात निरोप आला होता. चहा घेताना सूनबाईंनी विचारलं, “साहेब, उसाचं बघता तसं एवढं माझं झाड बघता का? जगेल का हो ते?”

“वहिनी, आधी वरचं पान बघा, मग खालचं बघा,” मी म्हटलं.

खालची जुनी पानं हिरवी होती. वरच्या कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा. ही खूण प्रत्येक सभासदानं ध्यानात ठेवावी. नत्र कमी पडलं, की झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात बसलेलं लोह झाडाला सहसा हलवता येत नाही, म्हणून लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी फिकी पडतात. इथं युरियाची गरजच नव्हती.

मग हेदवीत हेच झाड खुशाल कसं? तिथली माती जांभ्याची. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. त्यानं मातीतला चुना धुऊन जातो आणि लोह मागं राहतं. माती तांबडी दिसते ती त्यामुळेच, आणि ती थोडी आंबटही असते. उतारावर पाणी ठरत नाही, त्यामुळं मुळांना हवा मिळते. आपल्या काळ्या रानात लोह नाही असं नाही, पण चुनखडीमुळं ते मुळांना उचलता येत नाही. त्यात न्हाणीच्या पाण्यातला साबण-सोडा रोज मुरत होता. माती चोपण होऊन घट्ट बसली होती. शेजारी खुरपं घातलं तर वास मारणारी ओली माती आणि काळी पडलेली मुळं निघाली. तहान नव्हतीच, जीव गुदमरत होता.

मृगाचा पाऊस पडल्यावर रोप मातीच्या गड्ड्यासह काढलं, सडकी मुळं छाटली आणि अंगणाच्या वरच्या अंगाला वीतभर उंच ओट्यावर लावलं. ओट्यात पोयटा, कुजलेलं शेणखत आणि बारीक मुरूम घातला. दोन चमचे फेरस सल्फेट म्हणजे हिराकस शेणखतात मुरवून दिलं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस घेऊन दहा-दहा दिवसांनी पानावर तीन फवारे दिले. श्रावणात नवं पान हिरवं निघालं, तरी झाड किरकोळच होतं.

खरी कसोटी थंडीत होती. मोगऱ्याचं फूल नव्या फुटीवर येतं आणि नवी फूट जोमानं यायला आधी विसावा लागतो. कार्तिकात पाणी तोडलं. मार्गशीर्ष संपता संपता झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटलं, बुंध्याभोवतीची माती चार दिवस उकरून ठेवली, मग शेणखत भरून पाणी दिलं. छाटणीच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “जगत होतं तेबी तोडलं!” पुढं महिनाभर दारात नुसत्या काड्या उभ्या होत्या. सूनबाई रोज सकाळी जाऊन बघायच्या.

माघात डोळे फुगले. होळीच्या सुमारास पहिल्या कळ्या दिसल्या आणि पाडव्याला ओंजळभर फुलं निघाली. सासूबाईंनी ती देवघरातल्या गणपतीला वाहिली. आता झाड उपटायचं कोणी नाव काढत नाही. उलट सासूबाईंनीच दोन फांद्यांना दाब दिला आहे, लेकीच्या घरी द्यायला.

आता खोडव्याकडं वळू. त्याच सभासदांच्या रानात वरची पानं पांढरी आणि खालची हिरवी होती. आपण त्याला केवडा म्हणतो. तिथंही युरियाचं पोतं फोडून झालं होतं आणि पाण्याची पाळी वाढवून झाली होती. रान खोलगट, पाण्याला वाट नाही. त्यांना चर काढायला लावला, पाणी हात राखून द्यायला सांगितलं आणि हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून सरीत द्यायला सांगितलं. पानावर हिराकसचे फवारेही दिले. नवं पान हिरवं आलं. चर काढला नसता तर नुसत्या हिराकसनं ते साधलं नसतं.

आणखी एक. मोगरा छाटताना जीव तुटतो, तसा बुडखे छाटतानाही पुष्कळांचा तुटतो. ऊस तुटून गेल्यावर बुडखे जमिनीलगत छाटावेत, म्हणजे जमिनीतले डोळे जोमानं फुटतात. वर राहिलेल्या कांड्यांवरची फूट कमजोर निघते. पाचट जाळू नये, सरीत कुजवावं. काळ्या मातीला भुसभुशीत ठेवणारं एवढं स्वस्त खत दुसरं नाही.

पाण्यानं आणि मिठानं रानं कशी जातात हे आपण शेजारच्या शिवारात पाहतोच. एकदा रान चोपण झालं की सुधारायला वर्षं जातात. म्हणून ज्यांच्या खोडव्यात शेंड्याची पानं पांढरी पडत असतील, त्यांनी युरियाचं पोतं फोडण्याआधी गट ऑफिसात कळवावं आणि मातीचा नमुना आणून द्यावा. येताना वरचं एक पान आणि खालचं एक पान बरोबर आणावं.